वाढीव घोडे आणि उरलेले हप्ते

दिवाळीत चार माणसे फराळाला जमली, की यंदाची चकली का बिघडली यावर चर्चा व्हायचीच. आमच्या घरी या वर्षी चकलीला विश्रांती आहे. यंदा इंजिन का बिघडले, या विषयावर मंडळी बोलणार आहेत, आणि माझी हयात सोलापूरच्या एका गिरणीच्या वर्कशॉपात गेलेली असल्याने अध्यक्षपद माझ्याकडे येणार हेही उघड आहे. तेव्हा अध्यक्षीय भाषण आधीच लिहून काढलेले बरे.

इंजिन माझ्या पुतण्याच्या मोटारीचे. तो पुण्याला नोकरीस असतो. दोन वर्षांपूर्वी त्याने मोटार घेतली, तेव्हा आमच्या थोरल्या बंधूंच्या मागे राहिलेली ठेव वहिनींनी मोडून सुरुवातीची रक्कम भरली. बाकीचे कर्ज. त्याचे अजून चार वर्षांचे हप्ते शिल्लक आहेत.

भाद्रपदात चिरंजीव सोलापूरला आले आणि म्हणाले, "काका, आईला घेऊन नळदुर्ग पाहून येऊ. नर-मादी वाहताहेत म्हणे." नळदुर्ग सोलापुरापासून हैदराबादच्या रस्त्यावर पंचेचाळीस किलोमीटर. डबा बांधून आम्ही निघालो.

शहर मागे पडले आणि गाडीने जी उसळी घेतली, ती पाहून मी दाराची कडी धरली. पुतण्या हसून हळूच म्हणाला, "काका, कंपनीने एकशेवीस घोडे दिले होते, मी एकशेपंचावन्न केले. पुण्यात एकाने लॅपटॉप जोडून तासाभरात करून दिले. आईला सर्व्हिसिंग सांगितलंय." मागे बसलेल्या वहिनी डोळे मिटून देवीचे नाव घेत होत्या. एकापाठोपाठ एक ट्रक मागे पडू लागले. ऊन चढले होते. मग एका लांब चढावर पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवावेत तसा आवाज आला. मी म्हटले, "पाय काढ." तो म्हणाला, "काही नाही, काका." पुढच्या दोन मिनिटांत गाडीचा जोर गेला, मागे निळसर धूर दिसू लागला, आणि पस्तीस वाढीव घोड्यांसह आम्ही बैलगाडीच्या चालीने नळदुर्गात दाखल झालो.

रस्त्यालगतच्या गॅरेजातल्या मिस्त्रींनी प्लग काढून एकेका सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले. तिसऱ्याशी थांबले. "ह्यात दम न्हाई. काय केलंय हिला?" पुतण्या पायाने माती उकरू लागला. वहिनींनी एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि त्यांनाच विचारले, "मिस्त्री, जोर वाढवलेले इंजिन टिकते तरी किती?"

"बाई," मिस्त्री हात पुसत म्हणाले, "ह्ये इंजिनाला नका इचारू. पायाला इचारा."

एवढ्या एका वाक्यात माझे सारे भाषण आले. पण अध्यक्षांनी थोडक्यात बोलावे अशी आपल्याकडे रीत नाही.

मोटार बनवणारा कारखाना इंजिनातून निघेल तेवढी सगळी ताकद कधीच काढत नाही. गिऱ्हाईक तेल उशिरा बदलणार, पेट्रोल मिळेल ते भरणार, मे महिन्यात पाच माणसे बसवून घाट चढणार, हे धरून तो काही ताकद राखून ठेवतो. जोर वाढवणारा मनुष्य हवेतून नवे घोडे आणत नाही. ही राखीव पुंजी मोडून देतो. टर्बोच्या इंजिनात हवेचा दाब वाढवायचा, पेट्रोल जास्त सोडायचे, ठिणगी थोडी आधी पाडायची. जोर वाढतो, आणि पिस्टन, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, गॅस्केट या सर्वांवरचा दाब आणि उष्णताही वाढते. दुसरा मार्ग फेरे वाढवण्याचा. तो आणखी खर्चिक, कारण वरखाली धावणाऱ्या पिस्टनचा हिसका फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. मिनिटाला सहा हजारांचे सात हजार फेरे केले, तर फेरे सहाव्या हिश्श्याने वाढतात आणि हिसका मात्र छत्तीस टक्क्यांनी.

आणि फुटाण्यांचा तो आवाज? ठिणगीने पेटलेली ज्वाळा पोहोचण्याआधीच उरलेला वायू दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकतो. पिस्टनवर हातोडा बसावा तसा दणका बसतो. बेत उंची पेट्रोलाचा आणि टाकीत साधे पेट्रोल, वर दुपारचे ऊन आणि चढ, एवढे जमले की हा प्रकार ओढवतो. गाडीतली यंत्रणा तो ओळखून ठिणगी मागे घेते खरी, पण पुंजीच मोडलेली असली तर तिने तरी किती सावरावे!

याचे मोठे उदाहरण शर्यतीच्या जगात आहे. बीएमडब्ल्यूने १९६२ पासून साध्या घरगुती गाड्यांत घातलेल्या चार सिलिंडरांच्या इंजिनाचा लोखंडी ठोकळा घेऊन पुढे फॉर्म्युला वनचे दीड लिटरचे टर्बो इंजिन केले. त्यावर १९८३ साली नेल्सन पिके जगज्जेता झाला. आरंभस्थान ठरवण्याच्या फेऱ्यांसाठी त्याच इंजिनातून हजाराहून अधिक घोडे काढीत, आणि मोजक्या फेऱ्या झाल्या की ते इंजिन बाद! ठोकळा तोच. एका घरात तो वर्षानुवर्षे मुलांना शाळेत सोडतो, दुसऱ्या घरात काही मिनिटांत कामी येतो.

उलट टोक पाहायचे तर लांब जायला नको. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, पुढची पद्मिनी, १०८९ सीसीच्या इंजिनातून चाळिशीच्या आसपासच घोडे देई. पण रिंगा बदलून, सिलिंडर रीबोर करून टॅक्सीवाल्यांनी तिला मुंबईत जी राबवली, ती २०२३ च्या ऑक्टोबरात अखेरची पद्मिनी टॅक्सी निघेपर्यंत. अमेरिकेतले एक शाळामास्तर अर्व्ह गॉर्डन यांनी तर १९६६ साली घेतलेली व्होल्व्हो २०१३ मध्ये तीस लाख मैलांपार नेली. गुपित काय? वेळच्या वेळी तेल आणि शांत पाय.

मग जोर वाढवलेल्या इंजिनाचे आयुष्य किती? माझा अनुभवाचा अंदाज सांगतो. नीट राखलेले साधे पेट्रोल इंजिन न उघडता दोन-अडीच लाख किलोमीटर जाते. जोर बेताचा वाढवला, चांगले पेट्रोल घातले, तेल निम्म्या मुदतीत बदलले, थंड इंजिन ताणले नाही आणि वाढीव जोर क्वचितच वापरला, तर तेही लाखाच्या पुढे जावे. रोज ओरबाडले तर वीस-तीस हजारांत आटोपते. शर्यतीच्या इंजिनाचे आयुष्य किलोमीटरमध्ये न मोजता तासांत मोजतात, आणि तास भरले की ते मोडण्यापूर्वीच उघडतात. पुतण्याने शर्यतीच्या बैलाचा खुराक न देता त्याला शर्यतीत पळवले, आणि वर नांगरालाही जुंपले.

गाडी उचलून न्यायला ट्रक येईतो दोन तास होते. आम्ही किल्ल्यात गेलो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर घातलेला तो बंधारा, त्याच्या पोटातला पाणीमहाल, आणि भिंतीवरून कोसळणारे नर आणि मादी. तुषारांनी सगळे भिजलो. वहिनींनी विचारले, "भावजी, चारशे वर्षे ही भिंत टिकली कशी?" मी म्हटले, "बांधणाऱ्याने पाणी किती अडवायचे ते ठरवले, तसे जास्तीचे कुठून सोडायचे तेही ठरवले. सगळेच अडवायला गेला असता तर पहिल्या पुरात भिंत गेली असती."

पुतण्या कठड्याशी उभा होता. बराच वेळ पाण्याकडे पाहून तो आईजवळ आला आणि म्हणाला, "आई, ते सर्व्हिसिंग नव्हतं."

"ते मला मिस्त्रींनी विचारलं तेव्हाच कळलं," वहिनी म्हणाल्या. "तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

सोलापुरात इंजिन उघडले. तिसऱ्या पिस्टनचा रिंगांमधला काठ तुटून सिलिंडरला ओरखडे पाडून गेला होता. लॅपटॉपचे प्रकरण निघाल्यावर कंपनीने हमी नाकारली, आणि त्यात तिची चूक म्हणता येणार नाही. खर्च पुतण्याच सोसतो आहे. गाडीत पुन्हा एकशेवीस घोडे आहेत. बंधूंची जुनी स्कूटर वहिनींनी विकू दिली नव्हती. गाडी खोळंबली होती तेव्हा तो सोलापुरात आला की तीच काढी. बंधूंनी ती उभ्या जन्मात चाळीसच्या वर नेली नाही, आणि आजही ती दुसऱ्या किकला सुरू होते.

परवा त्याचा फोन आला. "काका, हप्ते फिटेपर्यंत इंजिन टिकेल ना?"

मी मिस्त्रींचेच उत्तर दिले. या वेळी तो हसला नाही, "हो" म्हणाला.