हाहोएला मुक्कामाला जा

25 मार्च 2025. दक्षिण कोरियाच्या उत्तर ग्योंगसांग प्रांतात उइसोंगला लागलेला वणवा सोसाट्याच्या वाऱ्याने डोंगरामागून डोंगर गिळत निघाला होता. त्या दिवशी गोउन्सा हा सन 681 मध्ये स्थापन झालेला बौद्ध मठ त्याच्या तोंडी सापडला. तिथला ओढ्यावर उभारलेला सतराव्या शतकातला लाकडी मंडप राख झाला. पुढे आन्दोंगजवळ हाहोए गाव होतं. घरं सोडण्याचे इशारे आले, तरी अग्निशमन दलाच्या जोडीने गावकरीही पेंढ्याच्या छपरांवर पाणी मारत राहिले. वणवा काही किलोमीटरांवर येऊन ठेपला, पण गाव वाचलं.

त्या दिवसांत गावात बंब होते, पाण्याचे पाइप होते आणि आपलं घर सोडायला मन न होणारी माणसंही होती. पुढच्या वणव्याच्या वेळी बंब नक्की येतील. माणसं असतील का, हा खरा प्रश्न आहे आणि त्यासाठीच हे आवाहन.

हाहोए म्हणजे तिकीट काढून बघायचा देखावा नव्हे. नाकदोंग नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या या गावात पुंगसानच्या ऱ्यू घराण्याचे वंशज सुमारे सहाशे वर्षं राहत आले आहेत. मध्यभागी सरदार-विद्वानांची कौलारू घरं, भोवती कष्टकऱ्यांची पेंढ्याची. गाव नावेच्या आकाराचं आहे, दगडांच्या भाराने नाव बुडेल, अशी जुनी समजूत. म्हणून कुंपणं मातीची. 2010 साली यांगदोंग गावासोबत हाहोएला युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, तोही नांदतं गाव म्हणून.

याच घराण्यातले ऱ्यू सोंग-ऱ्योंग 1592 च्या जपानी आक्रमणाच्या काळात राज्याचे प्रमुख मंत्री होते. सेनापती यी सुन-शिन यांची पारख करून त्यांना पुढे आणणारे तेच. युद्ध संपल्यावर गावी परतून त्यांनी ‘जिंगबिरोक’ लिहिलं. आपण कुठे चुकलो हे पुढच्या पिढ्यांना कळावं, म्हणून लिहिलेला हा युद्धाचा लेखाजोखा कोरियाचा राष्ट्रीय ठेवा आहे. त्यांच्या स्मृतीशी जोडलेलं ब्योंगसान सोवोन हे कन्फ्यूशियन विद्यापीठ गावापासून डोंगरवाटेने चालत जाण्याजोगं आहे. तिथल्या मांदेरू या भिंती नसलेल्या लांबलचक मंडपात बसलं की समोरची नदी आणि कडा खांबांच्या चौकटींत दिसतात. उत्तरेला बोंगजोंगसा मठात कोरियातली सर्वांत जुनी मानली जाणारी लाकडी इमारत उभी आहे. 1363 साली तिचं छप्पर दुरुस्त केल्याची नोंद 1972 मध्ये ती उतरवताना सापडली.

एवढं सगळं एका परिसरात आहे आणि त्यातलं काहीही आपोआप टिकलेलं नाही. लाकडाच्या घराला रोजचा वावर लागतो. चुलीची ऊब जमिनीखालून फिरवणारी ओन्दोल पद्धत घर कोरडं ठेवते, तिचा धूर कीड दूर ठेवतो. चूल विझली की ओल येते, मग वाळवी. पेंढ्याचं छप्पर ठरावीक काळाने नव्याने शाकारावं लागतं, त्याला हात लागतात. गावातलं मुखवट्यांचं नाट्य, ज्यात गावकरी उमराव आणि भिक्षू यांची त्यांच्यादेखत खिल्ली उडवत, 1928 नंतर बंद पडलं होतं. त्या खेळात स्वतः नाचलेल्या एका वृद्धाच्या आठवणींमुळे ते 1970 च्या दशकात पुन्हा उभं राहिलं. ते गृहस्थ आधीच गेले असते तर?

आज कोरियातली जवळपास निम्मी लोकसंख्या सोल आणि भोवतालच्या प्रदेशात राहते. 2023 मध्ये देशाचा जननदर 0.72 वर आला होता. खेड्यांत म्हातारी माणसं उरतात, तरुण शहरात जातात. सरकार घराची डागडुजी करू शकतं, पण त्या घरात राहायला माणूस कुठून आणणार? गावात राहून पोट भरतं असं दिसलं, तरच पुढची पिढी थांबेल. इथेच पाहुण्याचं काम सुरू होतं.

कोरियन मालिकांच्या ओढीने आता मराठी घरांतली मुलंमुली सोलला जाऊ लागली आहेत. चाकण-रांजणगावच्या कोरियन कंपन्यांच्या कामानिमित्त जाणारेही आहेत. त्या सर्वांना कळकळीची विनंती: दोन दिवस आन्दोंगसाठी राखा. सोलच्या छोंगन्यांगनी स्थानकातून जलद रेल्वेने सुमारे दोन तासांत तिथे पोहोचता येतं. बसमधून उतरून फोटो काढून परतू नका. गावातल्याच घरी मुक्काम करा, तिथेच जेवा. मुखवट्यांचा खेळ शेवटपर्यंत बघा. आपला पैसा गावातल्या हातांत पडू द्या.

आणि पाहुण्याची रीत पाळा. बंद दार म्हणजे कुणाचं तरी घर, आत डोकावू नका. कोरियाचा वसंत कोरडा असतो, डोंगरात सिगारेट किंवा शेकोटी पेटवू नका. 2005 च्या वणव्यात नाकसान्सा मठाची शतकांपूर्वीची कांस्य घंटा वितळून गेली होती, हे विसरू नका.

पाहुण्याच्या नजरेतही बळ असतं. 2024 च्या अखेरीस एका मालिकेच्या चित्रीकरणासाठी ब्योंगसान सोवोनच्या जुन्या लाकडात खिळे ठोकले गेले. तिथे आलेल्या एका वास्तुरचनाकाराने हटकलं, प्रकार चव्हाट्यावर आणला आणि देशभर संताप उसळला. तो प्रेक्षणीय स्थळ ‘उरकायला’ आला असता, तर कुणाला कळलंही नसतं. आपल्याला असं काही दिसलं, तर आपणही गप्प बसू नये. ज्या मालिका आपण आवडीने बघतो, त्यांच्याकडून ही जबाबदारी मागण्याचा हक्क प्रेक्षक म्हणून आपलाही आहे.

जागतिक वारसा हा शब्द खरा करायचा, तर त्याची राखण एका देशावर सोडून चालणार नाही. कोरियाचा बेत आखत असाल, तर आजच त्यात हाहोएचा मुक्काम लिहा. सहल कंपनीच्या यादीत तो नसेल, तर आग्रहाने मागा. जाऊन आलात की आणखी चौघांना पाठवा. गाव नांदतं ठेवायला गावकरी झटत आहेत, आपण त्यांच्या बाजूने उभे राहू या.