पंख्याखालची जागा

रविवारी उपासनेला मी दहा मिनिटं आधीच हजर असतो, याचं कौतुक होतं. खरं कारण पंख्याखालची जागा. परवा तिथं एक आजी बसलेल्या दिसल्या आणि पहिलं गीत संपलं तरी माझ्या कपाळावरची आठी हलेना.

मग आठवलं, कोलकात्याच्या मदर हाउसमध्ये मदर तेरेसांची खोली स्वयंपाकघराच्या वर आहे. अरुंद खाट, खालून येणारी धग, पंखा नाही. १९९७ साली मदर हाउसमध्येच त्या वारल्या. १९५२ मध्ये कालीघाटला मरणासन्नांसाठी ‘निर्मल हृदय’ उघडणाऱ्या मदरवर आपण भरभरून बोलतो. पंख्याचा विषय मात्र कुणी काढत नाही.

येत्या रविवारीही आजी येतील. मी आधी पोचलो तर कुठं बसेन, सांगवत नाही.