गाडीशिवाय जाता येत नाही, म्हणे!

"आत्या, तिथं गाडीशिवाय जाताच येत नाही," माझा भाचा मला म्हणाला, आणि ते अशा सुरात म्हणाला की सूर्य पूर्वेला उगवतो हेच जणू तो मला समजावून सांगत होता. विषय होता वेळासचा. रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात, सावित्री जिथे समुद्राला मिळते तिच्या जवळचे हे गाव. थंडी सरता सरता तिथल्या वाळूतून कासवांची पिल्ले बाहेर पडतात आणि ती पाहायला माणसे लांबलांबून जातात. भाच्याने दोन दिवसांसाठी ड्रायव्हरसकट मोटार भाड्याने ठरवली होती आणि मोठ्या मायेने तीत मलाही जागा ठेवली होती. मी नको म्हटले. त्यावरून जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही. आणि दिवाळीच्या सुट्टीचे बेत घरोघर चालले असतील, म्हणून तो आज चव्हाट्यावर आणते आहे.

माझा पहिला आक्षेप शब्दांवरच आहे. 'जाता येत नाही' म्हणजे काय? मग तिथली माणसे काय उडत येतात? सावित्रीच्या एका तीरावरचे श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ भटांचे गाव. दुसऱ्या तीरावरचे वेळास हे भानूंचे, म्हणजे नाना फडणिसांच्या घराण्याचे. सिद्दीच्या जाचाने ही मंडळी घाट चढून वर गेली आणि पुढे त्यांनी जे काही केले ते आपण शाळेत घोकले. त्यांना मोटार मिळाली नव्हती. आपल्या आज्या-पणज्या भाऊच्या धक्क्यावर आगबोटीत बसत, हर्णै-दाभोळच्या समोर भर समुद्रात पोरासकट पडावात उतरत आणि किनाऱ्याला लागत. पावसाळ्याचे महिने तर बोटी बंदच. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. तरी कोकणी माणसाने गावाला जायचे सोडले नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एस.टी. धावली, २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पुरी झाली, आणि आता हे सगळे हाताशी असताना म्हणे जाता येत नाही! खरे वाक्य 'गाडीशिवाय जायची आम्हाला सवय राहिली नाही' असे आहे. ते म्हणायला मात्र जीभ रेटत नाही.

मी कशी गेले ते सांगते. दिव्याहून सकाळच्या पॅसेंजरने माणगावला उतरले. तिथून म्हसळ्यावरून श्रीवर्धनला एस.टी. श्रीवर्धनहून बागमांडल्याला मिनीडोर. तीत मागे तीन बायका, एक नारळाचे पोते आणि मी. बागमांडल्याला फेरीबोट लागते, तिला तिकडे जंगलजेट्टी म्हणतात. सावित्री ओलांडून ती वेशवीला सोडते, आणि वेशवीहून बाणकोटावरून वेळास जवळच. त्या शेवटच्या टप्प्याला मला वडाप मिळाले. म्हणजे आगगाडी, एस.टी., मिनीडोर, बोट, वडाप. ऐकायला ही द्राविडी प्राणायामासारखी वाटते खरी. पण त्या बोटीवर वाऱ्यात उभे राहून समोरचा बाणकोटचा डोंगर हळूहळू मोठा होताना पाहणे, याला प्रवास म्हणतात. मोटारीतली मंडळीही त्याच बोटीने पलीकडे येतात, पण त्यातली निम्मी काचा वर करून आत बसून असतात. एवढ्या खाडीला भिण्यासारखे काय आहे, देव जाणे.

भाचा माझ्याआधी तासभर पोचला होता. हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे, नाहीतर तो हा अंक वाचून मला खोटे पाडील. पण पोचला तेव्हा त्याचे डोके ठणकत होते. मुंबई-गोवा रस्त्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले आणि एका तपाहून अधिक काळ रखडले, ही रडकथा सर्वांना पाठ आहे. त्यातून शनिवारी सकाळी माणगावच्या बाजारपेठेत मोटारींची जी माळ लागते तिच्यात त्याचा बराच वेळ गेला. मी त्या वेळी बहुधा कोलाडच्या आसपास खिडकीशी बसून शेंगा सोलत होते. आणि पैशांचे म्हणाल, तर मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून काहीच पडत नाही. माझा जाण्यायेण्याचा सारा खर्च त्याच्या ड्रायव्हरच्या भत्त्यातही भागला असता.

पण पैसे वाचवायला म्हणून मी हे लिहीत नाही. सोमवारी सकाळी परतताना मी वेळासहून मंडणगडला जाणारी एस.टी. धरली. गाडीत कॉलेजची पोरे होती, दवाखान्यात निघालेले एक म्हातारे जोडपे होते आणि मासळीची पाटी घेतलेली एक बाई. माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने विचारले, "आजी, तुम्ही मुंबईहून एस.टी.नं आलात?" मी हो म्हटले. तशी ती म्हणाली, "अशी माणसं येत राहिली तर बरं होईल. आमची संध्याकाळची गाडी भारमान नाही म्हणून बंद करतील, असं सगळे बोलतात. मग मला कॉलेज सोडायला लागेल."

भारमान! हा एस.टी.च्या हिशेबातला शब्द त्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरीला पाठ होता. गाडीत किती जागा भरल्या त्याचे ते माप. ते घसरले की फेरीवर गदा येते. २०२१ च्या अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एस.टी.चा संप चालला, तेव्हा गाडी नसली की काय होते ते खेड्यांनी पाहिले आहे. शनिवारी कासवे पाहायला शेकड्यांनी माणसे येतात ती मोटारीतून, आणि सोमवारी गावाची गाडी रिकामी म्हणून मोजली जाते. आपण तिच्यात बसत नाही म्हणून ती बंद होते, आणि ती बंद झाली की आपणच म्हणतो, "बघा, गाडीशिवाय जाता येत नाही!" भाच्याला मी हे सांगितले तर म्हणतो, "माझ्या एकट्याच्या तिकिटानं काय होणार?" सगळेच एकटे असतात, बाबा. चाळीस एकटे बसले की गाडी भरते.

मी मोटारीची वैरीण नाही. तान्हे मूल असेल, गुडघे धरले असतील, तर खुशाल मोटार करा. एस.टी.वाल्यांशीही माझे भांडण आहेच. गणपतीत चाकरमान्यांसाठी हजारो जादा गाड्या सुटतात, म्हणजे मनात आणले की जमते. मग कासवांच्या दिवसांत शनिवार-रविवारी बोटीच्या वेळेला जोडून वेशवी-वेळास अशा चार फेऱ्या का काढू नयेत? आगगाडी, एस.टी. आणि बोट यांची एकत्र वेळ लिहिलेला एक फळा माणगावला आणि एक बागमांडल्याला का असू नये? पाहुण्याला उरलेले सारे कळते ते चहाच्या टपरीवर. टपरीवाला मात्र बिनचूक सांगतो.

आणि ज्या कासवांसाठी हा खटाटोप, त्यांचे काय? भाऊ काटदरे आणि त्यांच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'ने २००२ पासून इथली अंडी राखली, गावकऱ्यांनी घरे पाहुण्यांना उघडली, तेव्हा कुठे हे वैभव उभे राहिले. पिल्लू वाळूतून वर आले की उजेडाच्या रोखाने चालू लागते. रात्री समुद्रावर उजेड असतो म्हणून ते पाण्याकडे जाते. तिथे मागे मोटारीचे दिवे लागले की ते बिचारे उलटे फिरते. वाळूवर चाके फिरली की खालची घरटी दडपतात. एस.टी. वाळूत उतरल्याचे अजून तरी मी ऐकलेले नाही.

परवा भाच्याचा फोन आला. दिवाळीत बायकोपोरांना घेऊन केळशीला जायचे म्हणतो. कासवे नसतात या दिवसांत, पण समुद्र असतो. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्याने हळूच विचारले, "आत्या, खेडला उतरून दापोलीला एस.टी. मिळेल ना?" मी म्हटले, मिळेल. दापोलीला उतरल्याबरोबर चौकशीच्या खिडकीवर केळशीच्या गाडीची वेळ विचार, उतरणार त्या घरी आदल्या दिवशी फोन कर, आणि सुटे पैसे जवळ ठेव.