तपासनीस की सोबती? गावच्या गुरुजींची दोनशे वर्षे

१/
बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, निहाली नावाची भाषा बोलली जाते. जगातील कोणत्याही भाषाकुळाशी तिचे नाते निर्विवादपणे जुळलेले नाही. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. अशा गावातील जिल्हा परिषद शाळेत नवा शिक्षक रुजू होतो. त्याच्या हाती मराठी पाठ्यपुस्तक असते आणि समोर घरी मराठी न बोलणारी मुले. या परिस्थितीत त्याने शिकवावे कसे, हे त्याला कोण सांगणार? प्रश्न आजचा वाटतो, पण त्याचा इतिहास दोनशे वर्षांचा आहे. #धागा #शिक्षणाचा_इतिहास

२/
इंग्रजी अमलापूर्वी गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या. धूळपाटी, मोडी, उजळणी, पाढे असा त्यांचा अभ्यासक्रम; मोबदला बहुधा धान्याच्या रूपात, पालकांच्या ऐपतीप्रमाणे. पंतोजींना कोणी प्रशिक्षण दिले नव्हते आणि त्यांच्यावर देखरेखही कोणा सरकारची नव्हती. गावच त्यांचा मालक आणि गावच परीक्षक.

३/
ही घडी मुंबई इलाख्यात बदलू लागली ती माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या काळात. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली मुंबईत शिक्षकांची पहिली तुकडी तयार झाली आणि १८२६ मध्ये २४ शिक्षक दक्खन, कोकण व गुजरातेत पाठवले गेले. पश्चिम भारतातील सरकारी प्रशिक्षित शिक्षकांचा हा आरंभ. आजचा बुलढाणा जिल्हा तेव्हा निजामाच्या वऱ्हाडात होता. १८५३ च्या तहानंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला.

४/
१८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षक-प्रशिक्षणाला सरकारी धोरणाचे स्थान दिले. पुण्यात ट्रेनिंग कॉलेज उभे राहिले. कृष्णशास्त्री चिपळूणकर त्याचे प्रमुख होते, आणि शिक्षकांसाठी निघणारे ‘शालापत्रक’ हे मासिकही ते संपादित करीत. दूरच्या खेड्यातील एकट्या शिक्षकाला दर महिन्याला घरपोच मिळणारा व्यावसायिक आधार, असे त्याचे मोल होते. पुढे संपादन विष्णुशास्त्रींकडे आले, लेखणी धारदार झाली, सरकारची मर्जी गेली आणि १८७५ मध्ये मासिक बंद पडले. शिक्षकाला मार्गदर्शन मिळावे, मात्र त्याने प्रश्न विचारू नयेत, ही वृत्ती तेव्हापासूनची आहे.

५/
या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा कागद १८८२ चा आहे. हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच निवेदनात शिक्षकाच्या नोकरीचा जो बारकाईने विचार आहे, तो मात्र क्वचितच वाचला जातो.

६/
फुले यांच्या मागण्या अशा होत्या. शिक्षक प्रशिक्षित असावा आणि शक्यतो शेतकरी वर्गातून यावा, म्हणजे तो लोकांत मिसळेल व त्यांच्या गरजा ओळखेल. प्रशिक्षणात शेती व आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान असावे. पगार १२ रुपयांहून कमी नसावा. मोठ्या गावांत १५ ते २० रुपये असावा. चांगले काम करणाऱ्यास पगाराखेरीज भत्ता मिळावा. आणि डेप्युटी इन्स्पेक्टरची वर्षातून एकदा होणारी भेट निरुपयोगी आहे. तपासणी निदान तीन महिन्यांतून एकदा व्हावी, अधूनमधून पूर्वसूचनेवाचूनही व्हावी.

७/
निवड, प्रशिक्षण, वेतन, प्रोत्साहन, देखरेख. आज ‘शिक्षक व्यवस्थापन’ या नावाखाली जागतिक अहवालांत जे मुद्दे येतात, ते जवळजवळ सर्व या एका निवेदनात आहेत.

८/
फुले यांच्या विचारांचा बुलढाण्याशी धागा जुळतो तो चिखलीपाशी. सत्यशोधक विचारांचे पंढरीनाथ सीताराम पाटील हे चिखलीचे. त्यांनी लिहिलेले फुले यांचे चरित्र १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. फुले यांच्या अगदी आरंभीच्या चरित्रांत त्याची गणना होते. ज्या काळी पुण्या-मुंबईच्या ग्रंथव्यवहाराला फुले यांचे फारसे स्मरण नव्हते, त्या काळी वऱ्हाडच्या एका टोकाला त्यांचे चरित्र लिहिले गेले. म्हणून १८८२ च्या निवेदनाचा हिशेब या जिल्ह्याने मागावा, हे औचित्याचेच आहे.

९/
स्वातंत्र्यानंतरची चौकट परिचित आहे. १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे ‘डाएट’, जन्माला आल्या. बुलढाण्यातही ती आहे. १९९४ मध्ये महाराष्ट्राने साधारण दहा शाळांचे एक केंद्र कल्पून ४,८६० केंद्रप्रमुखांची पदे निर्माण केली. केंद्रप्रमुखाने शाळांना भेटी द्याव्यात, आदर्श पाठ घ्यावेत, शिक्षकांच्या अडचणी सोडवाव्यात, ही अपेक्षा. तीन महिन्यांतून एकदा भेट मागणाऱ्या फुले यांना याहून सुसंगत उत्तर कोणत्याही शासनाने दिले नव्हते.

१०/
कल्पना उत्तम होती, पण ती कागदांखाली दबली. पदे वर्षानुवर्षे रिक्त राहिली. २०२३ मध्ये विभागीय परीक्षेद्वारे २,३८४ केंद्रप्रमुख निवडण्याची जाहिरात निघाली. एकूण पदांच्या जवळजवळ निम्मी पदे एका जाहिरातीत यावीत, यातच सारे आले. एका केंद्रप्रमुखाकडे शेजारच्या केंद्रांचाही प्रभार असेल, तर वर्गात बसून पाठ पाहण्यास त्याला वेळ उरत नाही. तो वरून आलेली परिपत्रके खाली आणि खालून गोळा केलेली माहिती वर पोहोचवणारा दूत होतो.

११/
येथे फुले यांच्याशीही एक मतभेद नोंदवला पाहिजे. शिक्षकाला गावचे हिशेब तपासण्याचे, दस्त नोंदवण्याचे वा टपालाचे काम दिल्यास त्याची प्रतिष्ठा वाढेल, असे त्यांनी सुचवले होते. कुलकर्ण्यांच्या मक्तेदारीच्या काळात त्या सूचनेला क्रांतिकारक अर्थ होता: लेखणीची सत्ता शेतकऱ्याच्या मुलाकडे येणार होती. आज त्याच वाटेने मतदार याद्या, सर्वेक्षणे, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती शिक्षकाकडे आली. प्रतिष्ठा आली नाही, वेळ मात्र गेला. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका यांपलीकडची अशैक्षणिक कामे मना करते. परंतु ‘शैक्षणिक’ या शब्दाची व्याप्ती सोयीने वाढवता येते.

१२/
यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. काही शिक्षक शाळेत वेळेवर येत नाहीत, काही शिकवत नाहीत. मग देखरेख सैल कशी करावी? देखरेख सैल करण्याचे कारणच नाही, तिने पाहायचे काय हे ठरवले पाहिजे. हजेरीपट आणि नोंदवही पाहून परतणारा अधिकारी कामचुकाराला पकडू शकत नाही आणि धडपडणाऱ्याला मदतही करू शकत नाही. वर्गात तासभर बसणारा अनुभवी सहकारी दोन्ही करू शकतो.

१३/
केनियात हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिले गेले. ‘तुसोमे’ या वाचनविषयक राष्ट्रीय कार्यक्रमात, आपल्या केंद्रप्रमुखांसारख्याच अधिकाऱ्यांनी वर्गात बसून पाठ पाहणे आणि लगेच शिक्षकाशी बोलणे, हे मुख्य काम ठरवले. टॅबलेटवर पाठाची नोंद होई आणि प्रवासखर्च त्या भेटींशी जोडलेला होता. पद बहुतांशी जुनेच राहिले, कामाचा क्रम बदलला.

१४/
आपल्याकडे बदल बहुधा नावांत होतो. २०१६ मध्ये राज्य परिषदेची ‘विद्या प्राधिकरण’ झाली आणि ‘डाएट’ला ‘सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास’ हे भारदस्त बिरुद मिळाले. दोन वर्षांत प्राधिकरणाची पुन्हा परिषद झाली. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितला. हे तास पडद्यावरील चित्रफिती पाहून आणि प्रमाणपत्र उतरवून घेऊनही भरतात. निहाली बोलणाऱ्या मुलांसमोर उभ्या असलेल्या शिक्षकाला त्यातून काय मिळते?

१५/
बुलढाण्यापुरते तरी उत्तर अवघड नाही. तेराही तालुक्यांतील केंद्रप्रमुखांची रिक्त पदे भरावीत. त्यांच्या महिन्यातील ठरावीक दिवस केवळ वर्गभेटींसाठी राखावेत आणि त्या दिवशी त्यांच्याकडून कोणताही तक्ता मागू नये. घाटावरच्या आणि घाटाखालच्या शाळांच्या गरजा वेगळ्या आहेत, सातपुड्याच्या गावांच्या त्याहून वेगळ्या. तेव्हा प्रशिक्षणाचा काही भाग ‘डाएट’ने येथेच, येथील शिक्षकांकडून आखून घ्यावा. पहिला पाठ निहाली येणाऱ्या एखाद्या ग्रामस्थाला सोबत घेऊन तयार व्हावा.

१६/
१८२६ मध्ये २४ शिक्षकांना तयार करून दूरच्या गावी धाडले गेले. तेथे पोहोचल्यावर त्यांच्या वर्गात डोकावणारे कोण होते, याचा विचार व्यवस्थेने तेव्हा केला नाही. १८८२ मध्ये फुले यांनी तो करायला लावला. त्यांनी मागितलेली तिमाही भेट आज कागदोपत्री मासिक झाली आहे. ती भेट कचेरीच्या टेबलापाशी न संपता फळ्यापर्यंत पोहोचते का, एवढेच प्रत्येक गावाने आपल्या शाळेत जाऊन विचारावे.

(धागा समाप्त)