लहरींची शिस्त

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्याच्या स्मृतीतून कधीही पुसली जाणार नाही. गणरायाला निरोप देऊन गावे झोपी गेली होती. पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली आणि औसा तालुक्यातील किल्लारीसह तेरणेच्या खोऱ्यातील कितीतरी गावे दगडमातीच्या ढिगाऱ्यांखाली गाडली गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. मदतीचे हात देशभरातून पुढे आले. परंतु कोणत्या गावी डॉक्टर हवेत, कोठे तंबू पोहोचले नाहीत, हे कळवायचे कसे? मोबाइल अद्याप आपल्याकडे यायचा होता आणि खेड्यांतील दूरध्वनीची सोय तुटपुंजी होती. अशा वेळी स्वतःचे बिनतारी संच घेऊन आलेल्या परवानाधारक हौशी चालकांनी, ज्यांना जग ‘हॅम’ म्हणून ओळखते, संदेशवहनाचा भार उचलला. त्यांच्या हाती यंत्र होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते कसे, कोठे आणि केव्हा वापरावे याचे शिक्षण होते.

आज यंत्र कोणाच्याही हाती येऊ शकते. नांदेड-लातूरच्या विसर्जन मिरवणुकीत, जत्रेत, मंगल कार्यालयात वॉकीटॉकी घेतलेले तरुण दिसले, तर त्याचे कोणास नवल वाटत नाही. चार-दोन हजारांत मिळणारा हा संच सेवाकार्यात उपयोगी पडेल, ही भावना प्रामाणिक असते. मात्र या संचांमागचे एक साधे सत्य बहुतेकांस ठाऊक नसते. संच ज्या लहरींवर बोलू शकतो, त्या सर्व लहरींवर बोलण्याचा अधिकार त्याच्या मालकाला मिळत नाही.

बाओफेंगच्या यूव्ही-५आरसारखा स्वस्त चिनी संच साधारणतः १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ या दोन विस्तीर्ण पट्ट्यांत प्रक्षेपण करतो. याच पट्ट्यांत शासकीय यंत्रणा, नौकानयन, उद्योग आणि हॅम चालक अशा अनेकांना आपापल्या जागा नेमून दिलेल्या आहेत. त्यांपैकी हॅम चालकांच्या वाट्याला १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ एवढेच तुकडे येतात. सामान्य नागरिकाला परवान्याविना वापरता येतो तो ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा अगदी चिंचोळा पट्टा. केंद्र सरकारने २०१८ च्या नियमांनी तो अल्पशक्तीच्या संचांसाठी खुला केला. तेथेही संच मान्यताप्राप्त हवा. चार-पाच वॉटचा, मान्यता नसलेला संच ४४६ वर लावला म्हणून तो कायदेशीर ठरत नाही. अमेरिकेतील आप्ताने कौतुकाने आणलेली जोडीही येथे चालत नाही, कारण तेथील घरगुती संच ४६२ ते ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात आणि आपल्याकडे तो पट्टा परवानामुक्त नाही.

यावर कोणी म्हणेल, दोन शब्द बोलल्याने असे काय बिघडते? बिघडते ते असे. या संचांवर एका वाहिनीवर एका वेळी एकालाच बोलता येते. बटण दाबून धरलेला एक अजाण हात साऱ्यांची वाट अडवतो. दोन संदेश एकाच वेळी आले, तर जवळचा, प्रबळ संदेश दूरच्या क्षीण संदेशाला गिळून टाकतो. पुराच्या पाण्याजवळून किंवा मिरवणुकीच्या गर्दीतून मदत मागणारा आवाज असा बुडाला, तर बुडवणाऱ्याला ते कळतही नाही. अपराधाचा हेतू नसतो, पण परिणाम टळत नाही.

प्रश्न सुरक्षेचाही आहे. मे २०२५ मध्ये, पहलगाम हल्ल्यानंतरच्या तणावाच्या दिवसांत, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या १३ व्यासपीठांना नोटिसा बजावल्या. संचाची वारंवारता कोणती, परवाना लागतो का, मान्यता आहे का, याची माहिती न देताच वॉकीटॉकी सर्रास विकल्या जात होत्या. पाठोपाठ विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वेही आली. ही कारवाई योग्यच होती; परंतु विक्रेत्याच्या दंडाने ग्राहकाचे अज्ञान दूर होत नाही. ते काम समाजाचे आहे.

आणखी एक भ्रम दूर व्हायला हवा. वेष्टनावर दहा-वीस किलोमीटरचा पल्ला छापलेला असतो. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. जमिनीवर उभ्या असलेल्या दोघांच्या मध्ये इमारती, झाडी, टेकडी आली की शहरात हा पल्ला किलोमीटर-दोन किलोमीटरवर येतो. बालाघाटच्या चढउतारांत लातूरहून उदगीरशी हातातल्या संचाने थेट बोलता येईल, असे समजणे भाबडेपणाचे आहे. दूरवर बोलायचे तर उंचावर पुनःप्रक्षेपक हवा, किंवा सात मेगाहर्ट्झसारख्या कमी वारंवारतेच्या, आयनांबरावरून परतणाऱ्या लहरी हव्यात. त्यासाठी परवाना लागतो आणि विद्याही. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हॅम पथक योगायोगाने अंदमानात होते. बेटांवरील आप्तांची खबर त्यांनी मुख्य भूमीपर्यंत पोहोचवली, ती या विद्येच्या बळावर.

मराठवाड्याला अशा विद्येची गरज संपलेली नाही. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली-नांदेड परिसराला भूकंपाचे धक्के बसले. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील हसनाळ, रावणगाव ही गावे पुराने वेढली गेली आणि बचावासाठी लष्कराला पाचारण करावे लागले. मोबाइलचे मनोरे विजेवर आणि तारांवर उभे असतात. आपत्तीत आधी आडवे होते ते हेच.

तेव्हा करावयाचे काय? मंडळांनी व सेवाकार्य करणाऱ्यांनी बंदोबस्तासाठी केवळ मान्यताप्राप्त ४४६ मेगाहर्ट्झचेच संच घ्यावेत; पावतीसोबत मान्यतेचा दाखला मागून घ्यावा. आपत्तीत उतरण्याची ज्यांची तयारी आहे, अशा तरुणांनी दूरसंचार विभागाची हॅम परीक्षा द्यावी. हा परवाना मंडळाच्या वा धंद्याच्या कामासाठी नसतो, हेही ध्यानात ठेवावे. नांदेड-लातूरच्या अभियांत्रिकी आणि विज्ञान महाविद्यालयांतील प्राध्यापकांनी यासाठी वर्ग चालवावेत. प्रत्येक तालुक्यात चार-पाच परवानाधारक चालक, चालू स्थितीतला एक संच आणि भरलेली बॅटरी, एवढी सिद्धता काही अवघड नाही.

संकटात धावून जाणे हा आपल्या समाजाचा स्वभाव आहे. किल्लारीने तो पाहिला आहे. त्या धावण्याला ज्ञानाची आणि शिस्तीची जोड मिळाली, तरच ढिगाऱ्याखालचा क्षीण आवाज योग्य कानापर्यंत पोहोचेल. पुढची आपत्ती आपली तयारी होईपर्यंत थांबणार नाही. म्हणून आरंभ आजच व्हायला हवा.