पालेभाजीतील विषाचा खरा आरोपी कोण?

बंगळूरच्या चिकपेटेत रेशमाची उलाढाल चालते. तेथून जवळच, कृष्णराजेंद्र बाजारात, पहाटे भाजीच्या जुड्या उतरतात. शहरवासीयांना आता या भाजीची धास्ती वाटते, आणि ती निराधार नाही. मात्र संशयाचे बोट वळते ते अल्पभूधारक शेतकऱ्याकडे!

वृषभावती नदी पाहा. शहराचे सांडपाणी आणि कारखान्यांची रसायने वाहत ती बैरमंगल जलाशयात येते. त्याच पाण्यावर पुढची शेती उभी आहे. शेण कुजवूनच पालेभाजीला घालावे, अंडी रोज गोळा करावीत, ती गार पाण्याने धुऊ नयेत (कवचाच्या छिद्रांतून जंतू आत शिरतात) हे शेतकऱ्याने केलेच पाहिजे. त्यात सवलत मागण्याचे कारण नाही. परंतु मुळांवाटे पानांत शिरलेले शिसे व कॅडमियम धुतल्याने जात नाही. स्वच्छ पाणी त्याने आणावे कोठून?

२००६च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने शेतावरील उत्पादन कक्षेबाहेर ठेवले. याला मेहेरबानी म्हणतात. या कायद्याखाली शेतावर तपासनीस येत नाही, तशी मदतही येत नाही. उलट, कोंबड्यांना दिले जाणारे कोलिस्टिन हे प्रतिजैविक २०१९ साली रोखले गेले, ते त्याच्या उत्पादनावर व विक्रीवरच बंदी घालून. विषाच्या उगमाशी हात घालता येतो, तो असा.

मग वृषभावतीला वेगळा न्याय का? शुद्धीकरणाचा खर्च कारखानदारांकडून व महापालिकेकडून वसूल व्हावा, पाणी व मातीची तपासणी तालुक्याच्या गावी विनामूल्य मिळावी, ही मागणी किसान आणि कामगार संघटनांनी एकत्रच लावून धरली पाहिजे. त्या जुड्या अखेर कामगारांच्याच घरी शिजतात.