विश्वासाचा पाया

भोरजवळचे भाटघर धरण १९२८ पासून उभे आहे. शेजारच्या वेल्हे भागातील पानशेत धरण मात्र १२ जुलै १९६१ रोजी फुटले. काम पुरे होण्याआधीच त्यात पाणी साठविले होते. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पाणी पुण्यात शिरले. पूर ओसरला, लोकांच्या मनातील शंका मात्र लवकर ओसरली नाही.

जे धरणाचे, तेच अणुवीजकेंद्राचे. पाणी निदान डोळ्यांना दिसते. किरणोत्सर्ग दिसतही नाही. तारापूरला १९६९ पासून अशी वीज निर्माण होऊ लागली. तेथील सुरक्षिततेची पारख सामान्य माणसाने कशी करावी? त्यासाठी जाणता तपासनीस हवा. याच हेतूने १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले.

मुलांनो, परीक्षा देणाऱ्यानेच आपली उत्तरपत्रिका तपासली, तर त्या गुणांवर कोण विश्वास ठेवील? म्हणून तपासनीस हा केंद्र चालविणाऱ्यांच्या अधीन नसावा, आणि आढळलेले दोष त्याने लोकांना सांगावेत. त्यामुळे लोक घाबरतील, असे काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. सांगितलेला दोष दुरुस्त होतो. झाकलेला दोष वाढत जातो. विश्वास मागून मिळत नाही. तो खरे बोलूनच मिळवावा लागतो.